नास्तिकाचं गाऱ्हाणं

देव आहे का, या प्रश्नावर मी बारा वर्षं एकाच माणसाशी वाद घातला. जागा ठरलेली होती, मुलुंडच्या बागेतला कडुलिंबाखालचा बाक. वेळ सकाळी साडेसहाची. माणूस शांताराम, मरोळच्या एका कारखान्यातून निवृत्त झालेला फिटर, राहायला नाहूरला. मी स्वतः चौतीस वर्षं एका वृत्तपत्रात इतरांनी लिहिलेल्या बातम्या तपासल्या. देव नाही, असं शांतारामचं ठाम म्हणणं. आहे की नाही हे माणसाला कळूच शकत नाही, असं माझं. दोघांपैकी कोणीही बारा वर्षांत एक इंच हलला नाही.

"आयुष्यभर मशिनं उघडली," तो म्हणायचा. "बंद पडलेल्या प्रत्येक मशिनात कारण सापडलं. देव एकदा पण सापडला नाय."

"सापडला नाही म्हणजे नाही, असं छापता येत नाही रे. 'दुजोरा मिळू शकला नाही' एवढंच छापता येतं."

"पेपरवाल्या, तू मेल्यावर पण उठून सांगशील, मृत्यूला दुजोरा मिळालेला नाही!"

थंडीच्या दिवसांत समोरचा येऊरचा डोंगर धुक्यात नाहीसा व्हायचा. बाग, बाक आणि आम्ही दोघं एवढंच जग उरायचं. शांताराम त्या पांढऱ्या पोकळीकडे बोट दाखवून विचारायचा, "डोंगर आहे का रे?" मी म्हणायचो, "काल होता." हा आमचा ठरलेला विनोद होता आणि तो आम्हाला कधी जुना वाटला नाही.

मे महिन्यातल्या एका सकाळी मी चिडलेला होतो. कारण आता आठवत नाही, घरातलंच काहीतरी असावं. शांताराम नेहमीच्या जोरात बोलत होता आणि मी त्याला म्हणालो, "एक दिवस तरी गप्प बस ना यार." तो गप्प बसला. उठताना माझ्या पाठीवर थाप मारून गेला. दुसऱ्या दिवशी तो बागेत आला नाही. पहाटे त्याला पक्षाघाताचा झटका आला होता. उजवा हात गेला आणि वाचा गेली. डॉक्टरांनी सांगितलं, त्याला सगळं समजतं, फक्त शब्द सापडत नाहीत. मी रोज संध्याकाळी नाहूरला जाऊन त्याच्याशेजारी बसू लागलो. तो माझ्याकडे पाहायचा, तोंड उघडायचा आणि पुन्हा मिटायचा. मी बोललेलं ते एक वाक्य आणि त्याचा आजार यांचा काही संबंध नाही, हे मला माहीत होतं. तरी घरी परतताना ते वाक्य माझ्यासोबत चालायचं.

भाद्रपदात त्यांच्या घरी गणपती येतो. शांतारामचे वडील कोकणातून गिरणीत कामाला आले तेव्हापासून गणपती मुंबईतच बसतो. पूजा झाली, नैवेद्य ठेवला की गाऱ्हाणं घालायचं, ही त्यांची रीत. घरातला एक जण मोठ्या आवाजात देवाला घरच्या अडचणी सांगतो, मागणं मागतो आणि बाकीचे हात जोडून मध्ये मध्ये म्हणतात, "व्हय म्हाराजा." वडील गेल्यापासून हे काम शांतारामकडे होतं. देव न मानणारा माणूस देवापुढे खणखणीत गाऱ्हाणं घालायचा. मी त्याला यावरून चिडवलं की तो म्हणायचा, "आवाज माझा, देव त्यांचा. भाड्याने दिलाय म्हण."

या वर्षी त्याला खुर्चीत बसवून गणपतीसमोर आणलं होतं. आरती संपली आणि खोलीत अवघडलेपण पसरलं. पुढे कोणी व्हायचं, ते ठरेना. मानखुर्दहून आलेली त्याची थोरली बहीण, जिला सगळे अक्का म्हणतात, माझ्याकडे वळली.

"तुमी पेपरात होतास मां? मगे तुमीच घाला गाऱ्हाणा."

"अक्का, माझा देवावर धड विश्वासही नाही."

"ह्येचो तरी खंय होतो?" खुर्चीकडे हात करून अक्का म्हणाली. शांतारामच्या चेहऱ्याची डावी बाजू किंचित हसली.

मी पाच मिनिटं मागितली, कागद घेतला आणि जे आयुष्यभर केलं तेच केलं. मजकूर तयार केला. आधी मुख्य माहिती, मग तपशील, शेवटी मागणं. अनावश्यक शब्द काढून टाकले. मग उभा राहून वाचलं. देवा, शांताराम गेले साडेतीन महिने बोलू शकलेला नाही. त्याला सगळं समजतं. त्याच्या पत्नीने या काळात एक दिवसही विश्रांती घेतलेली नाही. इथवर सगळं कागदावर होतं. पुढचं कागदावर नव्हतं. 'मी त्याला गप्प बस म्हणालो होतो,' असं मी वाचलं, म्हणजे वाचल्यासारखं बोललो. ते मी मागे घेतो. त्याला पुन्हा माझ्याशी वाद घालता येऊ दे.

मी थांबलो. होकार आला नाही. काय चुकलं ते माझ्या लक्षात यायला थोडा वेळ लागला. मी 'म्हाराजा' हा शब्द एकदाही घेतला नव्हता. गाऱ्हाणं घालणारा तो शब्द उच्चारून क्षणभर थांबतो, त्या थांबण्यात बाकीच्यांचा होकार मिसळतो. माझ्या नीटनेटक्या मजकुरात दुसऱ्या कोणाच्या आवाजाला जागाच ठेवलेली नव्हती. सगळे हात जोडून उभे होते, ओठांशी आलेला शब्द कुठे टाकायचा ते न कळून. धुपाचा धूर छताखाली साचला होता. समईच्या ज्योती त्यात दूरवरच्या दिव्यांसारख्या दिसत होत्या. बाहेरच्या रस्त्याचा आवाज ऐकू येईनासा झाला.

मग खुर्चीतून आवाज आला. जाड, गंजलेला, पण स्पष्ट.

"व्हय म्हाराजा."

वहिनी मटकन खाली बसल्या. अक्काने दोन्ही हात तोंडावर धरले. शांताराम माझ्याकडे पाहत होता, तेही रागाने. बारा वर्षांच्या ओळखीचा राग होता तो, काम बिघडवणाऱ्या माणसाविषयीचा.

वाचाउपचार करणाऱ्या बाईंनी नंतर समजावून सांगितलं की प्रार्थना, गाणी, पाढे यांसारखं पाठ असलेलं बोलणं कधी कधी शाबूत राहतं आणि सवयीच्या प्रसंगी आपोआप बाहेर पडतं. हे मी इथे मुद्दाम नोंदवतो. शांताराम बोलू शकला असता तर त्याने हेच सांगितलं असतं.

पुढचे तीन महिने तो एवढंच बोलला. चहा हवा का? "व्हय म्हाराजा." पंखा बंद करू? "व्हय म्हाराजा." दुखणाऱ्या हाताचा व्यायाम करायचा का, यालाही तेच उत्तर आणि चेहऱ्यावर स्पष्ट नकार. वहिनी म्हणायच्या, "चाळीस वर्षांच्या संसारात एवढे होकार दिले नव्हते यांनी," आणि हसता हसता डोळे पुसायच्या. मी मात्र आतून खचत होतो. सगळ्याला होकार देणारा माणूस वाद घालू शकत नाही. मला आवाज मिळाला होता, मित्र मिळाला नव्हता.

दिवाळीनंतर मी त्याला रिक्षाने बागेत नेऊ लागलो. त्याच बाकावर बसायचो. आमचा प्रश्न मी त्याला विचारला नाही. उत्तर काय येणार ते ठरलेलं होतं आणि ते त्याचं नसतं. असा विजय मला नको होता. काहीही न विचारता शेजारी बसायला मी त्या दिवसांत शिकलो. सुरुवातीला ते कठीण गेलं. मग हळूहळू, उत्तराशिवायही सकाळ पूर्ण होते, असं वाटू लागलं. जे मागायचं ते मागून झालं होतं. ते कधी आणि कसं यावं हे माझ्या हातात नव्हतं.

डिसेंबरातल्या एका सकाळी धुकं दाट होतं. डोंगर नव्हता. शांतारामने डाव्या हाताचं बोट तिकडे केलं आणि माझ्याकडे पाहिलं.

"काल होता," मी म्हणालो.

तो हसला. मग ते बोट त्याने सावकाश वर उचललं, डोंगर असायला हवा होता त्याच्याही वर, आणि तसंच धरून ठेवलं. प्रश्न त्यानेच काढला होता. त्याचे ओठ हलू लागले. कपाळावर शिरा दिसू लागल्या. मला वाटलं, आता तेच दोन शब्द येणार. मी त्याचा उजवा हात धरला.

"ना..." तो म्हणाला. पुन्हा प्रयत्न केला. "नाय." मग गुडघ्यावर थाप मारून, "नाय! पे... पेपर..."

माझ्या डोळ्यांसमोरचं धुकं आणखी दाट झालं. मागितलं होतं ते मला शब्दशः मिळालं होतं. ज्याच्याकडे मागितलं, तो नाही, हे सांगणारा मित्र त्यानेच मला परत दिला, असं माझ्या मनाने त्या क्षणी धरलं. या वृत्ताला दुजोरा नाही. मी तो शोधलाही नाही. मांडीवर हात जोडले, शांतारामला दिसणार नाहीत अशा बेताने. त्याला दिसलेच. त्याने मान हलवली, लहान मुलाच्या खोडीकडे पाहून हलवावी तशी.

डोंगराची कड हळूहळू दिसू लागली होती. मी डोळे पुसले, घसा साफ केला आणि बारा वर्षांच्या सवयीने विचारलं,

"पुरावा काय, शांताराम?"