शोकसभेसाठी रिकामे केलेले चार खण

एकोणीसशे ऐंशीनंतरची गोष्ट. आमच्या कांदा संशोधन केंद्रात कांदा साठवायच्या चाळीचे बारा खण होते, प्रत्येकात वेगळ्या वाणाचा कांदा. कुठला दिवाळीपर्यंत टिकतो हे पाहायचं होतं. माझे एक सहकारी शास्त्रज्ञ, सगळ्यांचे दादा, दर पंधरवड्याला सडलेला कांदा स्वतः निवडून त्याचं वजन घेत. काळं पाणी त्यांच्या कोपरापर्यंत ओघळायचं. जेवताना त्यांच्याजवळ कोणी बसत नसे. मीही नाही.

प्रयोगाचं तिसरं आणि शेवटचं वर्ष. शेवटचं वजन आठ दिवसांवर आलेलं असताना ते नाशिक रोडच्या बसमध्ये बसल्या जागीच गेले.

शोकसभा चाळीशेजारच्या सभागृहात ठरली. मी फोटोसाठी हार घेऊन आले, तर मजूर मावशी खताच्या खड्ड्यात कांद्याच्या पाट्या ओतत होत्या.

"मावशी, हे काय?"

"सायबांनी सांगितलं, बाई. पाव्हणे येनार, लय घाण सुटलीय म्हने. मी म्हनलं, दादांचं हाय ते. तर म्हने, दादा गेले ना आता?"

चार खण रिकामे झाले होते. खड्ड्यात चारही वाण एकमेकांत मिसळलेले. वेगळे करणं अशक्य. हार कठड्यावर टाकून मी उरलेल्या आठ खणांना कुलूप लावलं आणि किल्ली पर्समध्ये ठेवली.

सभेत फिनेलचा भपकारा होता. केंद्रप्रमुख साहेब डोळे पुसत म्हणाले, "त्यांचं काम आम्ही जिवापाड जपू." मी पर्समधली किल्ली चाचपली.

ठरल्या दिवशी मी आणि मावशींनी आठ खणांचं वजन घेतलं. साबणाने तीनदा हात धुतले तरी पोळीला वास येत होता. त्या दिवशी माझ्या बाकावर कोणी बसलं नाही.

अहवाल पाहून साहेब म्हणाले, "चार रकाने मोकळे का? मागच्या वर्षीचे आकडे टाका, बाई. कोण बघतंय?"

मी तिथे लिहिलं: शोकसभेच्या दिवशी कांदा फेकण्यात आला, वजन नाही.

छापील अहवाल आला. पहिलं नाव साहेबांचं. गेलेल्या माणसाचं शेवटच्या पानावर, टंकलेखकाच्या खाली, आभारांत. माझी ओळ काढून साहेबांनी लिहिलं होतं: चार खणांतील कांदा उंदरांनी खाल्ला.

उंदीर कांद्याला तोंड लावत नाहीत. मावशींनाही ते ठाऊक होतं. साहेबांची कांद्यात वीस वर्षं झाली होती.