सार्जंट आणि आकाशपाळणा

"सावली कुठाय?"

डावा डोळा मिटलेला, मान वाकवलेली, आणि बोट समोरच्या वस्तूवर नव्हे, तर तिच्या शेजारच्या रिकाम्या जमिनीवर रोखलेलं. सार्जंट असा उभा राहिला की परभणीच्या स्टेशन रोडवरची कुत्रीसुद्धा उठून पलीकडे जात.

मला पळता आलं नाही, कारण मी शिडीवर होतो. सत्तरच्या दशकाची सुरुवात होती. माझं पाट्या रंगवायचं दुकान. दुकानांचे बोर्ड, नाटकाचे पडदे, निवडणुकीच्या भिंती, जे म्हणाल ते. शेजारची खोली विमानदलातून निवृत्त झालेल्या या गृहस्थाने फोटो स्टुडिओसाठी घेतली, आणि मी शेजारधर्म म्हणून त्याच्या पाटीवर एक झकास विमान काढलं. विमानात पायलट, पायलटच्या गळ्यात उडता मफलर. खाली उतरून शाबासकीची वाट बघत उभा राहिलो.

"हे काय हाय?"

"विमान, सार्जंटसाहेब. तुमचं."

"सावली कुठाय ह्याची? आन पोटाला खिडकी?"

"विमानाच्या पोटाला कशाला खिडकी?"

"मंग कॅमेरा काय शेपटातून बघंल? पूस ते! आन ह्या मफलरवाल्याला आधी पूस!"

मफलरवाल्यावर त्याचा खास राग होता. साऱ्या परभणीनं त्याला पायलट ठरवून टाकलं होतं. पानवाला ओळख करून द्यायचा, "हे आपले विमान चालवणारे." सार्जंट तिथल्या तिथे पेटायचा. "मी विमानात बसलेलो न्हाई! एकदाबी न्हाई!" लोक हसायचे. काय विनय आहे, म्हणायचे. त्यानं तो आणखी पेटायचा.

खरी गोष्ट मी त्याच्याकडून तुकड्यातुकड्यांनी काढली. महायुद्ध संपल्यावर उभ्या राहिलेल्या टेहळणीच्या पथकात त्याची नोकरी. त्यांच्या विमानांत बॉम्ब नव्हते, कॅमेरे होते. एकेक कॅमेरा ज्वारीच्या रांजणाएवढा, आणि त्यातली फिल्म वीतभर रुंद. वर इतकी थंडी की खिडकीच्या काचेवर बर्फ धरायचं, म्हणून कॅमेऱ्याच्या खोलीत ऊब सोडायची. पायलटला थंडी वाजली तर वाजू दे, कॅमेऱ्याला वाजता कामा नये.

आणि त्या पथकात जेवढी कामं तेवढे लोक. चालवणारा वेगळा, वाट दाखवणारा वेगळा. फिल्म भरणारा आमचा सार्जंट. खिडकीवरचं कव्हर काढणारा वेगळा. विमान उतरलं की फिल्म घेऊन अंधाऱ्या खोलीत जाणारा, ती धुणारा, मोठ्या पिंपावर गुंडाळून वाळवणारा, सगळे वेगळे. शेवटी दूरच्या खोलीत फोटो वाचणारे, दोन भिंगांचं यंत्र डोळ्यांना लावून बसलेले. प्रत्येक फोटो मागच्या फोटोवर निम्म्याहून जास्त चढवून घेतलेला असायचा. असे लागोपाठचे दोन त्या भिंगांखाली ठेवले की सपाट कागदातून जमीन उठून उभी राहायची. झाड उभं, घर उभं, कडब्याची गंजीसुद्धा उभी. आणि जे उभं आहे त्याला सावली असणारच. कुणाचं काम दुसऱ्यानं करायचं नाही, हा तिथला धर्म.

एकदा त्यानं साहेबाला विचारलं, मला एक चक्कर मिळेल का? साहेब म्हणाला, "कॅमेऱ्याला जागा आहे, तुला नाही."

हे सांगताना तो ओरडला नव्हता. म्हणून ते माझ्या लक्षात राहिलं.

स्टुडिओही त्यानं पथकासारखाच चालवला. बायको म्हणजे ड्रायिंग सेक्शन, धुतलेले फोटो वाळत घालणारी. गिऱ्हाइकाचा एक फोटो काढायचा, मग कॅमेऱ्याची तिकाटी जराशी बाजूला सरकवून दुसरा. एक गिऱ्हाइकाला, दुसरा आपल्याकडे. मग ते जोडीनं भिंगाखाली ठेवून गिऱ्हाइकालाच दाखवायचे. गंगाखेडहून लेकीचा स्थळाला दाखवायचा फोटो काढायला आलेल्या एका बापानं भिंगातून बघितलं आणि घाबरून मागे सरला. "अवो, हिचं नाक लयच वर आलं की!"

"नाक हाय म्हनून वर आलंय! बसकं पायजे असंल तर कुंभाराकडं जा!"

आतून ड्रायिंग सेक्शनचा आवाज आला, "अवो, आपन ऱ्हातो पंचशीलनगरात. जरा सबुरीनं बोलावं मानसानं."

"पाची शीलं मोजून बघ. रागाचं नाव न्हाई त्यात."

पंचशीलनगर म्हणजे झरीच्या वाटेवरच्या एका गावाबाहेरची बौद्धांची वस्ती. पत्र्याची घरं, एक विहीर, एक पिंपळ. सार्जंट तिथून रोज सायकलवर यायचा. एका सकाळी तो आला तो सायकल भिंतीवर आदळूनच. वस्तीतून चुन्याच्या पांढऱ्या रेघा गेल्या होत्या. एक रेघ बरोबर विहिरीवरून, दुसरी सार्जंटच्या न्हाणीवरून. कालवा येणार होता.

पाणी कुणाला नको? पण रेघ गावाजवळ आली की पाटलाच्या आमराईला वळसा घालत होती, देवळाला वळसा घालत होती, आणि वस्तीतून मात्र सरळ, आखूनरेखून जात होती. आम्ही दोघं कालव्याच्या साहेबाला गाठायला गेलो. साहेबानं जुना नकाशा उलगडला.

"इथं तर पडीक जमीन आहे."

"मंग ह्या पडीक जमिनीला जयभीम घाला, सायब," सार्जंट म्हणाला. "मी तिथंच ऱ्हातो."

"मी बघितली हो तुमची घरं. पण रेघ वरच्या ऑफिसात ठरते. वरचे लोक काही इथं येत नाहीत. त्यांना वरून दिसलं पाहिजे."

साहेब वाईट नव्हता. वाईट नसलेल्या माणसांचाच मला जास्त राग येतो, त्यांच्यावर नीट ओरडताही येत नाही. सार्जंटला ती अडचण नव्हती. तो यथेच्छ ओरडला. पण बाहेर आल्यावर पायरीवरच थांबला आणि पुटपुटला, "वरून दिसलं पायजे."

आता विमान कुठून आणायचं? पिंपळावर चढून बघितलं, पानंच पानं. पण चार दिवसांत गावची जत्रा भरली, आणि जत्रेत आकाशपाळणा आला. जत्रेचं मैदान वस्तीला लागून होतं, कारण गावानं नको असलेलं सगळं त्याच बाजूला ठेवलं होतं. उकिरडा, जत्रेचा गोंगाट आणि ही माणसं.

मंडळी, तो दिवस माझ्या डोळ्यांपुढे पडद्यासारखा उभा आहे. सार्जंट इस्त्रीची खाकी घालून आला. गळ्यात घडीचा कॅमेरा. पाळणेवाल्या चाचाला त्यानं हुकूम दिला, "वर गेलं की थांबवायचं. मी म्हणंल तवा एक घर पुढं."

"थांबवतूं साब. पर डरना नको."

"मी विमानदलातला मानूस हाय!"

दोघा गड्यांनी हातानं पाळणा फिरवायला घेतला. सार्जंट जमिनीपासून पुरुषभर उचलला गेला आणि त्याचा चेहरा चुन्यासारखा झाला. मग मला कळलं. सगळी नोकरी आकाशाची फिल्म भरण्यात गेली, पण हा माणूस माळवदापेक्षा उंच कधी गेलाच नव्हता. वरून आवाज यायला लागला. "हळू! हळू रे! अवो, थांबवा! थांबवू नगा!" खाली सगळी वस्ती तोंड वर करून उभी. सार्जंटनं एका हातानं दांडी आवळली, एक फोटो काढला, पाळणा एक घर पुढे, दुसरा काढला. मग उतरला आणि चाचाच्या बुटाशेजारी भडाभडा ओकला.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी त्याला उठवायला वाकलो आणि मला कॅमेरा दिसला. भिंगावर काळं झाकण तसंच होतं.

मी बोट दाखवलं. सार्जंटनं झाकण बघितलं. सबंध जत्रेला ऐकू जाईल असा तो गरजला, "कव्हर सेक्शन कुठाय?"

कुठून असणार? सगळ्या नोकरीत त्यानं फिल्म भरली होती, कव्हर मात्र कधी काढलं नव्हतं. ते काम दुसऱ्याचं होतं, आणि धर्म तो धर्म. स्टुडिओतल्या कॅमेऱ्याचं झाकण तर कायम काढलेलंच असायचं. मी हसलो. बायको हसली. चाचा तर जमिनीवरच बसला. सार्जंट कुणाकडेही न बघता पांढऱ्या रेघांकडे बघत होता. ऊन कलत होतं. जत्रेचा तो शेवटचा दिवस. सकाळी पाळणा मोडून गाडीत जाणार होता.

"चल," तो मला म्हणाला. "तू कव्हर सेक्शन."

"मी? सार्जंटसाहेब, मी पेंटर माणूस."

"शिडीवर चढतो ना? मंग चढ."

आम्ही समोरासमोर बसलो. वर गेल्यावर तो डोळे मिटून ओरडला, "कव्हर!" मी म्हणालो, "काढलं!" मग त्यानं डोळे उघडले. खाली वस्ती होती. कलत्या उन्हात प्रत्येक घराची, विहिरीच्या काठाची, दोरीवरच्या लुगड्याचीसुद्धा लांब सावली पडली होती. एक क्षण तो ओकायचंही विसरला.

"बघ," तो म्हणाला. "सगळ्याला हाय." आणि फोटो काढला. पाळणा एक घर पुढे, दुसरा काढला.

ते दोन फोटो आणि भिंगाचं यंत्र साहेबाच्या टेबलावर मांडलं. साहेब वाकला. थोड्या वेळानं त्यानं नकळत बोट पुढे करून एका पत्र्याला हात लावायचा प्रयत्न केला. सगळेच करतात तसं. "अरेच्चा," तो म्हणाला, "उभीच आहेत की!" त्यानं फोटो वर पाठवले. वर कुणीतरी वाकून बघितलं असेल. महिने गेले, मग रेघ सरकली. कालवा वस्तीला वळसा घालून खणला गेला. वस्तीनं गुळाचा भात केला आणि सार्जंटनं वाढप्यांना ओरडून ओरडून रांगेत उभं केलं.

इथं गोष्ट संपली असती तर मी ती लाडू खात सांगितली असती.

नवा नकाशा आला तेव्हा आम्ही बघायला गेलो. त्यात पाटलाच्या आमराईचं नाव होतं. देवळाचं नाव होतं. एक पडका बुरूज, ज्यात वटवाघळं राहतात, त्याचंसुद्धा नाव होतं. कालव्याच्या वळणाच्या आत बारके बारके चौकोन काढलेले, आणि त्यांच्यापाशी काहीच नाही.

"नाव कुठाय?" सार्जंटनं विचारलं.

साहेब ओशाळला. "मी कळवलं होतं. ते म्हणाले, जागा नव्हती."

मी कानांवर हात ठेवायच्या तयारीत होतो. पण सार्जंट ओरडला नाही. त्यानं टोपी उचलली आणि बाहेर पडला. आम्ही सायकलींवर झरीच्या वाटेला लागलो. मग त्यानं एकाएकी ब्रेक लावला.

"पेंटर, सात पत्र्यांना चुना किती लागंल?"

मंडळी, मी आयुष्यात पुष्कळ अक्षरं काढली, पण ज्यावर उभं राहून काढायचं असं अक्षर तेवढंच. प्रत्येक छपरावर एक. पं, च, शी, ल, न, ग, र. चुन्यात डिंक कालवला आणि केरसुणीचा ब्रश केला. खालून सार्जंट हातवारे करत होता. "रेघ जाड कर! वरून मुंगीएवढं दिसंल!"

एक म्हातारी भांडायला आली. "माझ्या पत्र्यावर नुस्ता 'ग' काय म्हनून? माझं नाव घाल, न्हाईतर समदं घाल."

"मावशे, युनिट हाय हे! तुझा 'ग' गेला तर साऱ्यांचं नाव गेलं!"

म्हातारीला ते पटलं. पुढे तीच आपल्या 'ग'वर मिरच्या वाळत घालू देत नसे.

सार्जंट त्यानंतर दोन पावसाळे होता. दर पावसाळ्यात चुना धुऊन जायचा, दर दिवाळीत तो मला शिव्या घालत पुन्हा काढून घ्यायचा. तिसऱ्या दिवाळीला मला बोलावणं आलं नाही. छातीत कळ आली आणि गेला, इतकंच कळलं. मी चुना घेऊन आपणहून गेलो. शिड्या आधीच लागलेल्या होत्या. 'न'वर त्याची बायको उभी होती, पदर खोचून, हातात केरसुणी. "रेघ जाड करा," ती मला म्हणाली.

दिसेल त्या वस्तूची सावली विचारणारा तो माणूस, आणि त्याचा स्वतःचा एकही फोटो नाही. स्टुडिओच्या त्या साऱ्या जोड्यांत तो कुठंच नाही.

अजून कधीमधी एखादं विमान फार उंचावरून जातं. मी त्या वेळी 'शी'च्या वेलांटीवर ओणवा असेन तर मान वर करतो. त्याच्या पोटाला खिडकी आहे की नाही, इथून दिसत नाही. आणि आम्ही इतक्या वर्षांत रंगवलेलं हे नाव सलग कसं दिसतं तेही मला माहीत नाही. मी ते एकेक अक्षर बघितलंय. त्यानंही तेवढंच बघितलं होतं.