मधल्या नावाचा रकाना

कुवेतमधल्या एका सरकारी इस्पितळाच्या रेकॉर्ड रूममध्ये मी अकरा वर्षं नोकरी केली. सालमियातल्या आमच्या इमारतीत कुणी विचारलं तर मी "हॉस्पिटलमध्ये असते" एवढंच सांगायची. समोरच्याला वाटायचं, नर्स असणार. मीही तो गैरसमज दूर करायच्या फंदात पडायची नाही. खरं सांगायचं तर माझं काम म्हणजे नावं. पेशंट आला की त्याची फाइल उघडायची, तिच्यावर नाव लिहायचं आणि ती पुन्हा सापडेल अशा जागी ठेवायची.

हे काम वाटतं तितकं सोपं नव्हतं. तिकडे एकाच नावाचे दहा पेशंट एका सकाळी यायचे आणि एकाच्या गुडघ्याचा एक्स-रे दुसऱ्याच्या फाइलमध्ये जाऊन बसायचा. म्हणून इस्पितळाचा नियमच होता की स्वतःचं, वडिलांचं आणि घराण्याचं अशी तीन नावं असल्याशिवाय फाइल उघडायची नाही. हा नियम मला कुणी शिकवावा लागला नाही. आपल्याकडे बाळाला शाळेत घालतात त्या दिवसापासून त्याच्या नावामागे बापाचं नाव लागतं. मधलं नाव नसलेला माणूस मला अर्धवट वाटायचा. केरळच्या नर्सेसच्या नावांना जोडलेली ती एकेक अक्षरं कशाची, हे मी त्यांना विचारून विचारून सोडवून घेई. त्या माझ्यावर वैतागत. वैतागोत बापड्या, माझ्या रॅकवर एकही फाइल कधी हरवली नाही.

शिवाय माझं अक्षर चांगलं. त्यामुळे इकाम्याचे म्हणजे तिथल्या राहण्याच्या परवान्याचे, शाळाप्रवेशाचे, बँकेचे असे इमारतीतले सगळे फॉर्म माझ्याकडे यायचे. माझे यजमान मीना अल-अहमदीच्या रिफायनरीत होते. ते म्हणायचे, "तू दारावर पाटी लाव एकदाची." मला ते आवडायचं. फॉर्म भरताना माझी जरा ऐट असायची, हे आज कबूल करायला हरकत नाही.

ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर आमच्या इस्पितळात चिनी डॉक्टरांचं एक पथक होतं. फिजिओथेरपीच्या बाजूला त्यांचा विभाग होता आणि ते सुया टोचून उपचार करत. त्यांच्यातल्या एक डॉक्टरीणबाई फाइल हवी असली की शिपायाला न पाठवता स्वतः यायच्या, फाइल दोन्ही हातांनी घ्यायच्या आणि दोन्ही हातांनी परत करायच्या. वय अडतीसच्या आसपास, केस आखूड कापलेले, बोलणं अगदी मोजकं. फाइली काढून काढून माझा उजवा खांदा धरला होता. त्यांनी तो एक दिवस नुसता पाहिला आणि बोटानं खूण केली की या. आठ दिवस सुया घेतल्या आणि माझा हात वरच्या रॅकपर्यंत पोचायला लागला. तेव्हापासून दुपारच्या सुट्टीत त्या माझ्या टेबलाशी यायला लागल्या. मी डबा उघडायची, त्या झाकणाच्या बाटलीतून गरम पाणी प्यायच्या. नुसतं गरम पाणी कुणी आवडीनं पितं, हे मला तोवर माहीत नव्हतं.

एके दिवशी त्यांनी एक पत्र माझ्यापुढे ठेवलं. परदेशातल्या एका विद्यापीठानं त्यांना पुढच्या पदवीसाठी घ्यायचं कबूल केलं होतं. लकवा झालेल्या माणसांना पुन्हा चालतं करणं हा त्यांचा विषय होता. अट एकच, इंग्रजीच्या परीक्षेत ठरावीक गुण पाहिजेत आणि तेही अमुक तारखेच्या आत. तारखेआधी कुवेतमध्ये ती परीक्षा एकदाच होणार होती. उन्हाळ्यात पथकाची मुदत संपत होती. एकदा मायदेशी परत गेलं की पुन्हा कधी निघायला मिळेल याची काही खात्री नव्हती. हे सगळं त्यांनी मला चार वाक्यांत सांगितलं आणि पाणी पीत बसल्या.

मग आमची तयारी सुरू झाली. त्यांचं व्याकरण माझ्यापेक्षा पक्कं होतं. जाडजाड शब्द त्यांना अर्थासकट पाठ होते, त्यातले कित्येक मी जन्मात वापरले नव्हते. घोडं अडायचं ते ऐकण्यापाशी. परीक्षेत कॅसेटवर कुणीतरी बोलतं आणि त्यावर प्रश्न येतात. मी घरचा टू-इन-वन इस्पितळात आणला आणि सरावाची कॅसेट लावली. डॉक्टरीणबाई डोळे मिटून ऐकत राहिल्या. शेवटी त्या म्हणाल्या की यातलं काही कळलं नाही, तुम्ही बोलता ते मात्र सगळं कळतं. मी आधी खूश झाले. मग लक्षात आलं की गेली दोन वर्षं त्यांनी इंग्रजी ऐकलं ते आमच्या वॉर्डातलं, म्हणजे माझ्यासारख्यांचं. माझ्या उच्चारांची परीक्षा असती तर त्या पहिल्या आल्या असत्या. त्या दिवसापासून मी सरावाच्या वेळी तोंड बंद ठेवायला शिकले, आणि ते मला किती जड गेलं असेल हे माझ्या घरच्यांना विचारा.

फॉर्म आला तो अर्थातच माझ्याकडे. नावासाठी चौकोन होते, एकेका चौकोनात एकेक अक्षर, आणि खाली पेन्सिलीनं काळे करायचे गोळे. आडनाव, पहिलं नाव आणि मधलं नाव असे तीन रकाने. मी पेन्सिलीला टोक केलं. त्यांच्यात आडनाव आधी असतं हे मला माहीत होतं, त्यामुळे तिथे मी मुळीच चुकले नाही. आपण किती जाणकार, असं वाटून मी मधल्या रकान्याशी आले आणि विचारलं, "वडिलांचं नाव?"

त्यांनी बाटलीचं झाकण लावलं, पुन्हा उघडलं. माझी आई कधी नवऱ्याचं नाव तोंडानं घ्यायची नाही. यांच्यात वडिलांचं तसंच काही असेल असं मला वाटलं, म्हणून मी पेन्सिल रोखून थांबले. बऱ्याच वेळानं त्यांनी ते नाव सांगितलं. मी स्पेलिंग विचारून घेतलं, एकेक गोळा नीट काळा केला. भरलेला फॉर्म त्यांनी दोन्ही हातांत धरला आणि त्या पहिल्या ओळीकडे पाहत राहिल्या. माझं अक्षर बघताहेत असं समजून मी मनातल्या मनात सुखावले. त्यांचा पासपोर्ट माझ्या कोपराशीच पडला होता. तो उघडून बघावा असं मला सुचलंसुद्धा नाही.

परीक्षा शुक्रवारी सकाळी होती, मिरकाबच्या बाजूच्या एका शाळेत. यजमानांची ड्यूटी होती म्हणून आम्ही टॅक्सीनं गेलो. रात्रीपासून धूळ सुटली होती, समोरची इमारत दिसत नव्हती. दारात टेबल मांडून एक वयस्क पॅलेस्टिनी मास्तर बसले होते. ते प्रत्येकाचा पासपोर्ट आणि प्रवेशपत्र शेजारी शेजारी ठेवून ताडून बघत होते. काम करायची ती पद्धत मला आवडली, मी तशीच करते. आमची पाळी आली. त्यांनी दोन्ही कागदांवर बोट फिरवलं, पुन्हा फिरवलं आणि विचारलं की पासपोर्टवर नसलेलं हे मधलं नाव कुणाचं.

मी म्हणाले, वडिलांचं. फॉर्म मी भरला, चूक माझी, यांची काही नाही. मास्तर हसले. म्हणाले की आमच्यातही असंच लिहितात, तुमचं मला कळतं. पण पासपोर्टवर आहे तेच नाव चालेल. शेवटी त्यांनीच मार्ग काढला. त्यांच्याकडे नावाच्या दुरुस्तीचा एक कागद होता. प्रवेशपत्रावरचं जास्तीचं नाव उमेदवारानं स्वतःच्या हातानं खोडायचं, कागदावर सही करायची आणि आत जायचं. मी म्हटलं की मी खोडते, मीच लिहिलंय. ते म्हणाले, उमेदवारानंच.

डॉक्टरीणबाईंनी पेन घेतलं. टोक कागदाला लागलं आणि तिथेच थांबलं. मागे रांग खोळंबली. आत घंटा झाली. मास्तरांनी घड्याळ पाहिलं, मी घड्याळ पाहिलं. तरी त्यांचा हात हलेना. मला आधी घाम फुटला, मग राग आला. एवढे महिने मान मोडून अभ्यास केला आणि आता ही बाई दारात उभी राहून काय करतेय? आणि मी म्हणाले, "डॉक्टर, एक रेघ तर मारायची आहे."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग खाली वाकून त्या नावावरून एक बारीक, सरळ रेघ ओढली, सही केली आणि आत गेल्या. दार बंद झालं.

तीन तास मी शाळेच्या व्हरांड्यात पदर नाकाला लावून बसले. त्या बाहेर आल्या तेव्हा चेहऱ्यावर काही दिसत नव्हतं. कॅसेटमधलं कळलं का, असं मी विचारलं. बरंचसं कळलं, त्या म्हणाल्या. टॅक्सीत बसल्यावर मी माझ्या चुकीबद्दल माफी मागायला लागले. त्यांनी माझ्या मनगटावर हात ठेवला, नाडी बघताना ठेवतात तसा, आणि म्हणाल्या की चूक तुमची नव्हती. पासपोर्टवर ते नाव नाही हे तुम्ही विचारलंत तेव्हाच मला ठाऊक होतं. आमच्याकडे वडिलांचं नाव मुलांच्या नावात येतच नाही.

मग त्या सांगत गेल्या, खिडकीबाहेरच्या धुळीकडे बघत. वडील गावच्या शाळेत इंग्रजी शिकवायचे. त्यांच्याकडची ती वाईट वर्षं आली तेव्हा तोच त्यांचा गुन्हा ठरला. घरातली परकी पुस्तकं जाळली, त्यांना शेतावर पाठवलं. या तेव्हा एकोणीस वर्षांच्या होत्या. वैद्यकीचं शिक्षण पुढे हवं असेल तर सगळ्यांसमोर लिहून द्यावं लागेल असं सांगण्यात आलं की या माणसाशी माझा काही संबंध नाही. त्यांनी लिहून दिलं. वडील शेतावरून परत आलेच नाहीत. पुढे प्रत्येक फॉर्मवर त्या वडिलांचा रकाना घाईघाईनं उरकायच्या. "तुम्ही ते नाव माझ्या नावाला लावून लिहिलंत," त्या म्हणाल्या. "इतकं छान दिसत होतं. मला वाटलं, राहू दे."

थोड्या वेळानं त्यांनी आणखी एक वाक्य सांगितलं, आवाजात तक्रारीचा लवलेश नव्हता. "त्या दिवशीही एक मैत्रीण मला हेच म्हणाली होती. एक ओळ तर लिहायची आहे."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सालमियाच्या आमच्या चौकात टॅक्सी थांबली तेव्हा मी त्यांना जेवायला वर चला म्हणाले. त्या आल्या. मी वरणभात वाढला आणि त्यांच्यासाठी पाणी गरम केलं. त्या दिवशी मुलांनी इंग्रजीत काहीबाही विचारलं, त्याची उत्तरं त्यांनी पटापट दिली. मी त्यांच्यासमोर बसून त्यांना पुन्हा पुन्हा वाढत राहिले.

गुण आले. ऐकण्याच्या भागात काठावर, बाकी उत्तम. विद्यापीठाला पुरेसे होते. विद्यापीठानं छातीचा एक्स-रे आणि तब्येतीचा दाखला मागितला होता. चिनी पथकातले डॉक्टर आपापसातच औषधपाणी करत, त्यामुळे आमच्याकडे त्यांची फाइल नव्हती. एक्स-रे काढायचा तर फाइल हवी, आणि फाइल उघडायचं काम माझं.

मी नवी फाइल घेतली, चांगलं पेन काढलं. पहिलं नाव लिहिलं. मग मान वर करून विचारलं, "वडिलांचं नाव?"

माझ्या टेबलाशी उभ्या असलेल्या त्या बाईंचे डोळे भरून आले. माझेही आले, पण मला लिहायचं होतं. या वेळी त्या थांबल्या नाहीत. स्पष्ट, मोठ्यानं नाव सांगितलं, शेजारच्या टेबलावरच्या इजिप्शियन बाबूनं वळून पाहिलं इतक्या मोठ्यानं. स्पेलिंग मी विचारलं नाही. त्यानंतर आडनाव लिहिलं आणि शाई वाळेपर्यंत फाइल त्यांच्यापुढे उघडी ठेवली.

त्यांनी विचारलं, "हे कुणी खोडू शकतं का?"

मी म्हणाले, "खोडायचं तर माझी सही लागते. आणि मी ती देणार नाही."

त्यांनी फाइल दोन्ही हातांनी उचलली. रॅक कुठला ते मी दाखवलं, आणि त्यांनी ती स्वतःच्या हातानं जागेवर ठेवली.