पोहतायत की वाहतायत

"पोहतायत का? एवढंच सांगा." पाटीलसाहेब माझ्या खुर्चीमागे उभे होते. मोहोपाड्याजवळच्या औषधांच्या कारखान्यात ते प्रॉडक्शन मॅनेजर, मी मायक्रोबायॉलॉजिस्ट.

पाण्याच्या टाकीत बॅक्टेरिया सापडले होते. ऑपरेटर बाळारामने कढत पाणी फिरवून ती निर्जंतुक केली होती. जंतू खाद्याच्या प्लेटवर वाढतात का हे पाहून खात्री करायला दोन दिवस लागतात. साहेबांना घाई होती. मायक्रोस्कोपखाली बॅक्टेरिया पोहताना दिसले तर ते जिवंत. म्हणजे बाळारामने कामच केलं नाही.

टाकीतल्या पाण्याचा थेंब स्लाइडवर घेऊन, वर पातळ काच ठेवून मी डोळा लावला. काळोखात चांदण्यांसारखे ठिपके सरकत होते. बॅक्टेरियाला मळसूत्री शेपट्या असतात, फ्लॅजेला. प्रत्येकीच्या मुळाशी एक मोटर. इतक्या लहान जिवाला पाणी काकवीसारखं दाट लागतं. एकदा हात मारला आणि तरंगत पुढे गेलो, असं तिथे नाही. मोटर थांबली की जीव जागीच थांबला. शेपटी गरगरत ठेवून स्क्रूसारखं पुढे जायचं. हे पाहताना मी अजूनही हरवतो.

"पोहतायत," मी म्हणालो.

कुंभिवलीचा बाळाराम कंत्राटी कामगार. साहेबांनी त्याला लगेच बोलावलं.

"झोपला होतास ना रं?"

"नाय साहेब, आईशपथ! ह्यो हात भाजलाय बघा."

"भाजल्याचा डाग मला दाखवू नको. उद्यापासून येऊ नको."

तो गेला. मी पुन्हा पाहिलं. जिवंत बॅक्टेरिया थोडा सरळ जातो, गिरकी घेतो, भलतीकडेच वळतो. हे सगळे एकाच दिशेला, एकाच चालीने निघाले होते. थेंबावरच्या काचेच्या कडा व्हॅसलीनने बंद करायच्या असतात. मी केल्या नव्हत्या. कडेने पाणी सुकत होतं, आणि तो ओढा मेलेल्यांना नेत होता.

खरं सांगतो, शंका मला आधीच आली होती. साहेबांसमोर स्लाइड चुकली म्हणायची लाज वाटली.

नवी स्लाइड केली, कडा बंद केल्या. ठिपके जागच्या जागी नुसते थरथरत होते. पाण्याचे कण ढकलतात, म्हणून मेलेलेही थरथरतात. साहेबांना दाखवलं.

"मघाशी पोहत होते ना?"

"वाहत होते. चूक माझी."

"अहो, माणूस घरी पाठवला मी!"

बाळारामला गेटवरून परत आणलं. मी माफी मागू लागलो, तर त्याने विचारलं, "मेलेत ना सगळे?"

"मेलेत."

"मंग जातो. पंप चालू ऱ्हायलाय."

दोन दिवसांनी प्लेटाही स्वच्छ निघाल्या, काहीच वाढलं नव्हतं. आता साहेबांनी कितीही घाई केली तरी मी म्हणतो, दोन दिवस थांबा.