काशम्मानं धरलेली जागा

मेल्यावर आपण कुठं बसायचं हे काशम्मानं जिवंतपणीच ठरवून टाकलं होतं. त्यात गैर काही नाही. लिंगायतांत मेलेल्याला जाळत नाहीत. मांडी घालून बसवतात, हातात लिंग देतात आणि वर माती लोटतात. तेव्हा जागेचा विचार म्हातारी माणसं करतातच. गैर झालं ते एवढंच, की ही गोष्ट तिच्या मुलाला, शिवपुत्रला, गिऱ्हाईक सोबत घेऊन रानात आल्यावर कळली.

शिवपुत्र सोलापुरात भवानी पेठेत राहायचा, गिरणीत साच्यावर कापड विणायचा. एका खोलीत तो, बायको दाक्षायणी आणि तीन पोरं. नळावरची भांडणं रोजची. त्याची आई आणि त्याचं पाच एकर काळं रान होतं हुलगेवाडीत, मंद्रूपच्याही पुढं, भीमेच्या अंगाला. हे गाव असं आडबाजूला, की तिथं मुलगी द्यायची म्हटली तर बापाला घास गोड लागत नसे. पावसाळ्यात बैलगाडी आसापर्यंत रुतायची. आजारी माणसाला बाजेवर घालून मंद्रूपला न्यायला निघायचे आणि पुष्कळदा अर्ध्या वाटेतूनच परत फिरायचे. तिथल्या रानाचा भाव कुणी विचारत नव्हतं, आणि विचारला असता तर गावानं त्यालाच वेड्यात काढलं असतं.

मग बहात्तरचा दुष्काळ पडला. लोकांच्या हाताला काम हवं म्हणून सरकारनं रस्ते काढले. अख्खं गाव खडी फोडायला बसलं, आणि हुलगेवाडीला मंद्रूपपासून पक्का रस्ता आला. पुढं पाऊसपाणी झालं, दुष्काळ गेला, रस्ता राहिला. एसटी यायला लागली, भुईमुगाच्या शेंगा भरून ट्रक जायला लागले. ज्यांना हुलगेवाडी कुठल्या दिशेला आहे हे ठाऊक नव्हतं ते शहरातले लोक आता तिथल्या मातीचा वास घेऊन बघायला लागले. नदीचं पाणी उचलता येईल, द्राक्षं लावता येतील, माल थेट बाजारात जाईल. रानाचा चढलेला भाव ऐकून शिवपुत्रला जन्मात पहिल्यांदा आपण कुणीतरी आहोत असं वाटलं.

त्यानं बेत केला. रान विकायचं, पेठेतच दोन खोल्यांचं घर घ्यायचं, आणि सत्तरीला टेकलेल्या आईला, अव्वाला, तिथं आणायचं. माणूस वाईट नव्हता, घाईत होता. आईला विचारलंच नाही असंही नाही. मागल्या उन्हाळ्यात विचारलं होतं. ती भाकरी थापत राहिली, काही बोलली नाही, आणि यानं तो होकार धरला. आई गप्प बसली की मुलांना नेमकं आपल्या सोयीचं कसं ऐकू येतं, देव जाणे.

गिऱ्हाईक होतं पेठेतलेच सुताचे व्यापारी चनमल्लप्पा. गळ्यात लिंग, कपाळावर विभूतीचे पट्टे, बोलणं मऊ. सौदा ठरल्यात जमा होता, एकदा रान डोळ्यांखालून घालायचं तेवढं राहिलं होतं. महाशिवरात्र होऊन गेल्यावर एका सकाळी दोघं एसटीनं गावात उतरले आणि पायी रानात गेले.

ज्वारी काढून रान मोकळं झालेलं. मधोमध ताज्या मातीचा ढीग. शिवपुत्रला वाटलं, कुणीतरी आपली माती चोरून नेतंय, आणि तो तरातरा पुढं झाला. ढिगापाशी येडू बसला होता. गावातल्या विहिरी खोदणारा म्हातारा. शिवपुत्रला बघून तो उठला, पण नजर त्यानं जमिनीवरच ठेवली.

ढिगामागं चौकोनी खड्डा होता, कडा नीट तासलेल्या. आत काशम्मा मांडी घालून बसली होती. डोक्यावर पदर, कपाळाला विभूती, डोळे मिटलेले.

अव्वा गेली, आणि आपल्याला न कळवता हिला बसवायला आणली, एवढंच शिवपुत्रच्या डोक्यात आलं. तेवढ्यात म्हातारीनं डोळे उघडले.

"येडू, पाठीमागं आनकी जरा कोर," ती म्हणाली. "नीट टेकता येत न्हाय."

चनमल्लप्पांनी चपला काढल्या, हात जोडले आणि तसेच मागं सरकत बांधापर्यंत गेले. शिवपुत्र त्यांच्यामागं धावला. खड्डा काय, आज बुजवून टाकू, म्हातारी हट्टी आहे, असं काहीबाही बोलत राहिला. त्यांनी ऐकून घेतलं. रागावलेसुद्धा नाहीत.

"मानूस बसायचं तितं मी औत घालनार न्हाय," ते म्हणाले. "ही जागा तुज्या आईची झाली. आता कुनीबी घेनार न्हाय."

ते गेले. दोन खोल्यांचं घरही त्यांच्यासोबत गेलं, आणि शिवपुत्र जन्मात बोलला नव्हता तसा आईला बोलला. पोरांच्या तोंडचं काढून घेतलंस म्हणाला. गावात तोंड दाखवायची सोय ठेवली नाहीस म्हणाला. मठामागं भावकीची जागा असताना भर रानात खड्डा कशाला पाहिजे होता, असं विचारलं.

"अप्पा तितंच बसलाय न्हवं? त्याच्याजवळ बस की तू."

येडूनं मान खाली घातली. काशम्मा खड्ड्यातून वर बघत होती.

"तुजा अप्पा तितं न्हाय," ती म्हणाली.

मग तिनं सांगितलं. आवाज न चढवता, गावातली जुनी बातमी सांगावी तसं. कल्लप्पा, तिचा नवरा, गेला तेव्हा शिवपुत्र सात वर्षांचा. वाटणी झाली नव्हती. दिरानं उभ्या पिकात खड्डा पाडू दिला नाही. मठामागं त्या पावसाळ्यात गुडघाभर पाणी. तेव्हा कल्लप्पाला गाडीवाटेच्या कडेला बसवला आणि खुणेला वर एक दगड ठेवला. शिवपुत्र चौदाव्या वर्षी गिरणीत गेला. बाप नेमका कुठं आहे हे त्यानं कधी विचारलं नाही आणि तिनंही सांगितलं नाही.

दुष्काळात रस्त्याची आखणी गाडीवाटेवरूनच झाली. ती मुकादमाच्या पाया पडली. तो म्हणाला, रेघ बदलायची तर वरून हुकूम आणावा लागेल, तोवर काम बंद, आणि मग गावानं खायचं काय ते तूच सांग. सगळं गाव तिच्या तोंडाकडं बघत होतं. ती गप्प बसली.

"दगड कुनी काडला?" शिवपुत्रनं विचारलं.

"मीच काडला. त्येच्यावर खडीची पयली पाटी बी मीच वतली. परक्यानं वतन्यापरीस माज्या हातची बरी." तिनं पदर सावरला. "मला कुनाच्या चाकाखाली बसायचं न्हाय, लेका. तुला रान इकायचं तर इक. पर आदी मला हितं बसव, तुज्या हातानं माती लोट, आनि मग इक."

बाप रस्त्यात नेमका कुठं, हे विचारायचं शिवपुत्रच्या जिवावर आलं होतं. तरी विचारलं.

"एसटी थांबती तितं," काशम्मा म्हणाली.

सकाळी तिथंच उतरून, रस्ता कसा दगडासारखा झालाय हे चनमल्लप्पांना पटावं म्हणून त्यानं तीनतीनदा टाच आपटून दाखवली होती.

तो ढिगावर खाली बसला आणि आईसमोर ओक्साबोक्शी रडला. येडूनं तोंड फिरवलं. संध्याकाळी एसटीचा हॉर्न ऐकू आला तरी शिवपुत्र उठला नाही. दिवस मावळल्यावर तो रस्ता टाळून, ढेकळं तुडवत, बांधाबांधानं मंद्रूपकडं चालत निघाला.