टेकडीवरून मागे फिरलो तो दिवस

मी रेल्वेत कीमन होतो. पाटस आणि कडेठाणच्या मधला पट्टा माझ्याकडे होता. रोज सकाळी खांद्यावर हातोडा आणि पाना घेऊन निघायचं, रूळ धरून ठेवणारी चावी ढिली झाली असली तर ठोकायची, सुटलेला बोल्ट आवळायचा आणि दुसऱ्या टोकाला पोचलं की परत फिरायचं. खडीवरून चालणं हीच माझी नोकरी, आणि खरं सांगायचं तर हाच माझा तोरा. लाईनवरच्या आमच्या गँगमधली माणसं म्हणायची, याला सायकल दिली तरी हा ती हातात धरून चालेल. नव्वदच्या दशकाच्या शेवटी, ऐन उन्हाळ्यात, हा तोरा उतरायची वेळ आली.

मालगाडी येताना दिसली म्हणून मी रुळावरून बाजूला झालो. उजवं पाऊल स्लीपरच्या कडेला खडीत अडकलं. पाऊल तिथेच राहिलं आणि अंग फिरलं. घोटा बघता बघता सुजला. दौंडला एका डॉक्टरांनी फोटो काढला. ते म्हणाले, हाड मोडलेलं नाही, पण ही सूज मला बरी वाटत नाही. तीन आठवडे प्लास्टर ठेवा आणि मग परत दाखवा. त्यातलं ‘हाड मोडलेलं नाही’ एवढंच माझ्या कानात शिरलं. आमच्याकडे हाड शाबूत म्हणजे माणूस शाबूत. दहाव्या दिवशी खाज सहन होईना, तेव्हा मी ते प्लास्टर भिजवून विळ्यानं कापून काढलं.

बायको समोर उभी राहून बघत होती. “अवं, तीन आठवडं सांगितल्यात ना डाक्टरनं?” ती म्हणाली.

“डॉक्टर काय खडीवर चाललाय का कवा?” मी म्हणालो.

मग तेल कोमट करून चोळून घेतलं, शेक घेतला, ज्यानं जे सांगितलं ते बांधलं. महिना उलटला, दीड महिना होत आला. सपाट जमिनीवर कसाबसा चालायचो, पण खडीवर पाय ठेवला की घोटा आतून फाकल्यासारखा व्हायचा आणि डोळ्यांपुढे अंधारी यायची. एक दिवस आमचे इन्स्पेक्टर साहेब घरी आले. चहा घेतला आणि सरळच म्हणाले, “असंच राहिलं तर तुम्हाला कीमन म्हणून ठेवता येणार नाही. फाटकावर बसा. पगाराचं बघू, पण लाईन विसरा.” ते गेल्यावर मी भिंतीकडे तोंड करून पडून राहिलो. फाटकावर बसणं कमीपणाचं नाही हे आज कळतं. तेव्हा मात्र माझ्यातला माणूसच कुणी काढून घेतोय असं वाटलं.

लहानपणापासून मी सिद्धटेकला चतुर्थी चुकवली नव्हती. गणपतीचा मला राग आला. इतकी वर्षं तुझ्या दारात आलो आणि नेमका माझा पायच तुला सापडला का, असं मनात आलं. नंतर भीती वाटली आणि त्या भीतीतून मी हट्टाला पेटलो. तिथे टेकडीला वळसा घालून प्रदक्षिणा करतात. वाट काट्याकुट्यांची, दगडांची. अशा एकवीस प्रदक्षिणा घालीन, मग बघू तू पाय कसा देत नाहीस ते. हा नवस होता की दमदाटी, कोण जाणे. देवाशी सौदा करताना आवाज नम्र ठेवला की ती भक्ती होते, असा माझा समज होता.

बायकोला शिरापूरच्या पाहुण्यांकडे जातो म्हणून सांगितलं. शिरापूरहून होडीनं भीमा ओलांडली, दर्शन घेतलं आणि काठी टेकत प्रदक्षिणेला लागलो. अर्ध्यापर्यंत गेलो असेन. एका दगडावरून उतरताना घोट्यातून अशी कळ निघाली की मी तिथेच बसलो. उठायला गेलो, पुन्हा बसलो. भर दुपार, आसपास कोणी नाही. रडू आलं ते दुखण्यानं नाही. पहिलीच प्रदक्षिणा पुरी होत नाही, म्हणजे देवानं मला झिडकारलं, असं वाटलं म्हणून.

तेवढ्यात मेंढरांचा आवाज आला. टेकडीच्या अंगानं एक कळप उतरत होता आणि मागून एक म्हातारा मेंढपाळ येत होता. सोबत सामान लादायचं घोडं होतं. तो माझ्यासमोर उकिडवा बसला आणि घोट्याला हात न लावता वर पोटरीपाशी नळीची दोन्ही हाडं दोन बाजूंनी एकमेकांवर दाबली. कळ मात्र खाली घोट्यात आली. मी ओरडलोच.

“मुरगळलं न्हाई हे,” तो म्हणाला. “दोन हाडांमधला बांध सुटलाया. मेंढराचा पाय आसता तर मीच बांधला आसता. तुमी मोठ्या डाक्टरला दावा. चोळू नका आता.”

“आप्पा, एवढी प्रदक्षिणा पुरी करू द्या. मग जातो,” मी म्हणालो.

“पुढची वाट लई वाईट हाय. आला त्या वाटंनं मी सोडतो घोड्यावर.”

प्रदक्षिणा अर्धी टाकून उलटं फिरायचं म्हणजे मला पाप वाटत होतं. “देवाकडं पाठ करून जाऊ का?” मी विचारलं.

“देव काय टेकडीच्या एकाच अंगाला बसतो व्हय?” असं म्हणून त्यानं घोड्यावरचं बोचकं उतरवून स्वतःच्या पाठीवर घेतलं आणि मला वर बसवलं.

वाटेत त्यानं एवढंच सांगितलं की तो शिरूरकडचा, कोरड्या भागातला. उन्हाळ्यात मेंढरं नदीकाठी आणतो. होडीपाशी मला उतरवून तो परत कळपाकडे गेला. नाव विचारायचं मला सुचलं नाही. पुढे शिरूरच्या बाजारात बऱ्याच जणांकडे चौकशी केली. सगळे म्हणाले, असे म्हातारे आमच्याकडे घरटी एक आहेत.

घरी आल्यावर बायकोला खरं सांगितलं. तिनं रागावून घेतलं आणि तिसऱ्या दिवशी मला घेऊन पुणं गाठलं. तिथल्या हाडांच्या डॉक्टरांनी पोटरी हातात घेतली आणि नेमकी तिथेच दाबली. मी बायकोकडे बघितलं. मग पाऊल बाहेरच्या बाजूला फिरवून फोटो काढला. नडगी आणि तिच्या शेजारचं बारीक हाड यांच्यामध्ये फट पडली होती. दोघांना धरून ठेवणारे बंध तुटले होते. डॉक्टर म्हणाले, “अजून दोन-तीन महिने असेच चालला असता, तर सांधा झिजला असता. मग स्क्रू घालूनही उपयोग नव्हता.”

स्क्रू म्हटल्यावर मला पहिल्यांदा धीर आला. रुळांचं अंतर वाढलं की गाडी घसरते, हे मला कुणी शिकवायला नको होतं. दोन हाडं जागेवर आणायची आणि आरपार स्क्रू घालून धरून ठेवायची. मी म्हणालो, “साहेब, चांगला घट्ट आवळा.” ते हसले. “फार घट्ट आवळून चालत नाही. या हाडांना थोडं हलायला लागतं. स्क्रू नुसता धरून ठेवतो, बंध तुमचे तुम्हालाच जोडायचे आहेत. तेही बसून.” खडीवर पुन्हा चालता येईल का, हे मात्र त्यांनी छातीठोकपणे सांगितलं नाही. बरेच जण चांगले चालतात, काहींचा घोटा आखडतो, एवढंच म्हणाले.

कमरेत इंजेक्शन देऊन ऑपरेशन झालं. त्यानंतर सहा आठवडे पाय जमिनीला टेकवायचा नाही, मग कुबड्यांवर थोडा थोडा भार, आणि तीन महिन्यांनी स्क्रू काढेपर्यंत पूर्ण भार नाही, नाहीतर तो आतच मोडायचा. एकवीस प्रदक्षिणा घालायला निघालेल्या माणसाला देवानं खाटेवर बसवलं. सुरुवातीला चिडचिड केली. मग एका सकाळी जप करता करता लक्षात आलं की मी आयुष्यात पहिल्यांदाच काही न मागता नाव घेतोय. त्या दिवसापासून डॉक्टरांचा शब्द हाच माझा नेम झाला. एक दिवस मोडला नाही. स्क्रू निघाल्यावर बोटांनी टॉवेल ओढायचा, पाऊल वर-खाली करायचं, भिंत धरून एका पायावर उभं राहायचं. बायको मोजायची आणि मुद्दाम चुकवून पाच जास्त करून घ्यायची.

ऑपरेशननंतर सात महिन्यांनी इन्स्पेक्टर साहेब म्हणाले, “चला, बघू.” भर खडीतून ते आणि मी निघालो. पहिला किलोमीटर ते माझ्या पायाकडे बघत होते. दुसऱ्यात बघायचे थांबले. तिसऱ्यात त्यांनीच रुमालानं मान पुसली आणि म्हणाले, “अहो, जरा हळू. मला फाटकावर बसवायचंय का?” आम्ही दोघेही खूप हसलो. शेवटच्या पुलाशी पोचलो तेव्हा घोटा ठणकत होता, पण जागचा हलला नव्हता. “उद्यापासून हातोडा घ्या,” ते म्हणाले. मी तिथेच खडीवर बसून नदीपलीकडच्या सिद्धटेकच्या दिशेला हात जोडले आणि पोटभर रडलो. त्यानंतर निवृत्तीपर्यंत मी तोच पट्टा चाललो. थंडीत घोटा कुरकुरतो, त्याची माझी तक्रार नाही.

तो म्हातारा कोण होता यावर गावात पुष्कळ बोलणं झालं. मी त्यात पडत नाही. मला तो मेंढपाळच वाटतो आणि तेवढ्यानं माझं भागतं. मी पाय मागितला होता. तो त्या दुपारी टेकडीवर, अर्ध्या वाटेत, मला दिलाही गेला होता. मला ते नाकारणं वाटलं आणि मी रडत घोड्यावर बसलो.