इंजिनाची आंघोळ

पद्माकर टिपणीस भुलीचे डॉक्टर होते, पण ज्युनियरची सालटी काढताना भूल द्यायची त्यांची पद्धत नव्हती. ऑपरेशनआधी मशीन तपासली का, हा त्यांचा ठरलेला प्रश्न. एका पोरीने काल तपासली होती म्हणून सांगितलं, तर सगळ्या थिएटरदेखत तिला म्हणाले, मग ती कालच्या पेशंटला लाव. पोरगी डोळे पुसत बाहेर गेली. हा किस्सा डॉक्टर साउथहॅम्प्टनच्या मराठी मंडळींत इतक्या कौतुकाने सांगायचे, की बायको सुलक्षणाबाई तो संपेपर्यंत स्वयंपाकघरात जाऊन उभ्या राहायच्या.

रिटायर झाल्यावर ओरडायला माणसं उरली नाहीत, तेव्हा ते इंजिनाच्या नादी लागले. शहराबाहेर हौशी लोक एक जुनी रेल्वे चालवतात. तिथल्या शेडमध्ये एक डिझेल इंजिन गंजत उभं होतं. साठ-पासष्ट वर्षांपूर्वी इंग्रजांना वाफेची इंजिनं एकाएकी नकोशी झाली आणि एखादं डिझेल इंजिन नीट चालवून बघण्याचा धीर न धरता त्यांनी नुसत्या आराखड्यांवर ऑर्डरी देऊन टाकल्या. ग्लासगोत ही जात बांधली गेली. कधी वाटेत बंद पडायची, कधी पेट घ्यायची. दहा-बारा वर्षांत सगळी भंगारात काढली. घाई यांची, आणि शिक्षा मात्र इंजिनांना. हे एवढं एकच वाचलं, कारण त्याला यार्डात उभं करून डबे गरम ठेवायच्या कामाला जुंपलं होतं. डॉक्टरांना ते पहिल्याच दिवशी आपलं वाटलं. तेही तरुणपणी इथे आले ते गोऱ्या डॉक्टरांना नको असलेल्या म्हाताऱ्यांच्या वॉर्डात, आणि बढतीचं पुढच्या वर्षी बघू हे ऐकत कितीतरी वर्षं तिथेच उभे होते.

मग दर शनिवारी डॉक्टर शेडमध्ये. त्यांच्याबरोबर सारा असायची. बसच्या डेपोत मेकॅनिक, पन्नाशीची, नवरा गेलेला, मूलबाळ नाही. शेड हेच तिचं घरदार होतं. डॉक्टरांचा तिच्यावर जीव होता, म्हणजे तिच्यावर ते सगळ्यात कमी ओरडायचे. एक गोष्ट मात्र त्यांनी तिच्याकडून घोटून घेतली होती. उभं राहिलेलं इंजिन चालू करण्याआधी सिलिंडरच्या तोट्या उघडायच्या आणि लांब दांडा लावून ते हाताने फिरवायचं. आत पाणी साचलं असेल तर बाहेर पडतं. ते आत राहिलं आणि इंजिन चालू केलं, तर पिस्टनला वर जायला जागाच राहत नाही आणि आतलं पोलाद मोडतं.

अखेर इंजिन तयार झालं. पहिल्यांदा चालू करायचं बटण डॉक्टरांनी दाबायचं, असं रेल्वेच्या कमिटीने ठरवलं. उत्सव ऑक्टोबरातल्या एका शनिवारी, आणि त्याच दिवशी नेमका दसरा. डॉक्टरांना आभाळ ठेंगणं झालं. या देशात आपल्याला कुणी पहिला मान देतंय, तेही यंत्रांची पूजा करायच्या दिवशी! त्यांनी पूजेची परवानगी मागितली. चेअरमन डेरेकने हसत दिली.

शुक्रवारी दुपारी साराने इंजिन रीतसर फिरवून ठेवलं आणि ती घरी गेली. संध्याकाळी डॉक्टर एकटेच आले. पूजेआधी गाडी धुवायची असते, पारोशा गाडीला हार घालत नाहीत. लहानपणी वडिलांची स्कूटर धुवायचे तसं त्यांनी इंजिन पाइपने धुतलं. छतावर चढले, एक्झॉस्टचं, म्हणजे धुराच्या नळीचं झाकण काढलं, तोंडाशी साचलेली काजळी पाण्याने साफ केली आणि झाकण पुन्हा लावलं. त्या नळीतून पाणी खाली इंजिनात कुठे गेलं असेल, हा विचार त्या भक्तीत त्यांच्या डोक्यात आला नाही. घरी येऊन त्यांनी ओले बूट हीटरखाली ठेवले.

दुसऱ्या दिवशी मेयरबाईंचं भाषण लांबलं. डॉक्टरांनी पंचांगात बघून ठेवलेला दुपारचा मुहूर्त टळत चालला होता. साराने विचारलं, पुन्हा एकदा फिरवून घेऊ का? त्यात अर्धा तास गेला असता. डॉक्टर घड्याळाकडे बघत म्हणाले, राहू दे, काल फिरवलंयस ना! कपाळाला कुंकू लावलेल्या इंजिनापुढे त्यांनी नारळ फोडला, वर चढले आणि बटण दाबलं. आतून कुणी घण घातल्यासारखा आवाज झाला. मग इंजिनाच्या कुशीला पडलेल्या भोकातून काळं तेल वाहायला लागलं. मेयरबाईंनी आधी टाळ्या वाजवल्या.

ती जात बनवणारं आणि तिचे सुटे भाग ठेवणारं जगात कुणी उरलं नव्हतं. इंजिन मेलं ते मेलंच.

घरी सुलक्षणाबाईंनी सगळं ऐकून घेतलं. त्यांचं लक्ष हीटरखालच्या बुटांकडे गेलं.

‘अहो, दसरा साडेतीन मुहूर्तांतला. अख्खा दिवसच शुभ असतो. मुहूर्त कसला बघत होतात तुम्ही?’

डॉक्टरांनी बूट उचलून कपाटात ठेवले.

‘आणि काल धुतलंत ते त्यांना सांगितलंत का?’

‘उद्या कमिटीची मीटिंग आहे. तिथे बघू.’

मीटिंगमध्ये त्यांनी काहीच बघितलं नाही. सांगितलं असतं तर शेड सुटली असती, आणि पूजेला हसणारे लोक जन्मभर हसले असते. डेरेक म्हणाला, मोडलेल्या इंजिनात पाणी निघालं म्हणजे साराने तोट्या नीट उघडल्याच नसणार. साराला मीटिंगला बोलावलंच नव्हतं, आणि राहू दे, असं डॉक्टरच म्हणाले होते हे बिचारी आदल्या दिवशी विचारलं तेव्हाही बोलली नव्हती. म्हाताऱ्या माणसाला चारचौघांत कशाला अडचणीत आणायचं, असं तिला वाटलं असावं. तिला काढून टाकायला हात वर झाले, त्यांत डॉक्टरांचाही होता. तिच्याकडची शेडची किल्ली परत आणायचं काम डेरेकने त्यांनाच दिलं. तुम्ही डॉक्टर, वाईट बातमी सांगायची तुम्हाला सवय आहे, म्हणाला.

साराने घराचं दार उघडलं, बातमी ऐकली आणि किल्ली काढून त्यांच्या हातावर ठेवली.

‘डॉक्टर, मी सगळ्या तोट्या उघडल्या होत्या. पण सगळे म्हणतात तर एखादी राहिलीही असेल. आता माझी मलाच खात्री वाटत नाही.’

डॉक्टरांनी किल्ली खिशात टाकली.

‘होतं असं,’ ते म्हणाले. ‘मीटिंगमध्ये मी तुझी बाजू खूप मांडली, सारा. पण त्यांनी ऐकलं नाही.’

साराचे डोळे भरून आले. तिने त्यांचा हात दोन्ही हातांत घेतला आणि थँक्यू म्हणाली.